एएसपीएक्स : सातबाऱ्याच्या पत्त्यावरील शिक्का (थ्रेड)

१/ जुना कागद हाती आला की इतिहासाचा अभ्यासक मजकुराआधी शिक्का पाहतो. महाभूलेखवर सातबारा उघडणाऱ्याने तसेच एकदा वरच्या पत्त्याच्या पट्टीकडे पाहावे. तेथे शेवटी चार रोमन अक्षरे दिसतात : एएसपीएक्स. मायक्रोसॉफ्टने २००२ साली बाजारात आणलेल्या ‘वेब फॉर्म्स’ या फ्रेमवर्कचा हा शिक्का. फ्रेमवर्कची निवड ही संगणकवाल्यांची खाजगी बाब आहे, हा समज इतिहासप्रेमींनीही निमूटपणे मान्य केला आहे. तो समज खोडून काढणे आवश्यक आहे.

२/ फ्रेमवर्क म्हणजे छापील गाव नमुना. तलाठ्याच्या हाती कोरा कागद कधीच नसतो. भोगवटादाराचे नाव नमुना ७ मध्ये, पीक नमुना १२ मध्ये, फेरफार नमुना ६ मध्ये, हे त्याने ठरवलेले नाही. ते आधीच ठरून आले आहे. वेब ॲप्लिकेशनचे फ्रेमवर्क हेच करते. ब्राउझरची विनंती कोणी स्वीकारावी, समोरचा माणूस कोण हे कसे ओळखावे, डेटाबेसातून नोंद कशी आणावी, पान कसे रचावे याचे रकाने ते आखून देते. प्रोग्रामर ते भरतो. आणि रकाना आखणारा भरणाऱ्यापेक्षा बलवान असतो, हे महसुली इतिहास वाचणाऱ्यास निराळे सांगावयास नको. रकान्यात न बसणारा हक्क ‘इतर हक्कां’त जातो, नाहीतर कोठेच जात नाही.

३/ उदाहरण म्हणून परतूर तालुक्यातील वाटूर घ्यावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि तालुका तिकडे गेला. दरबाराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. गावपातळीवर मोडी, पुढे देवनागरी. माणूस जागचा हलला नाही आणि कचेऱ्या मात्र बदलत राहिल्या.

४/ नमुनेही बदलले. इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घडवलेली मोजणीची पद्धत सालारजंगांच्या कारकिर्दीत हैदराबाद राज्याने उचलली. परक्या राज्याचे फ्रेमवर्क, पण निवड डोळस होती : सर्व्हे नंबर शेताला चिकटतो, राजाला नाही. पुढे १९५४ चे खासरा पत्रक आले, मग १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा सातबारा. प्रत्येक वेळी जुनी नोंद नव्या नमुन्यात उतरवता आली, कारण ती वाचण्यास लिपी जाणणारा माणूस आणि उजेड एवढेच पुरे होते.

५/ याची साक्ष अंबड तालुक्याने अलीकडेच दिली. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू घेण्याचे येथे प्रयोजन नाही. मुद्दा इतकाच की, ज्या राज्याचा अस्त होऊन पाऊणशे वर्षे लोटली, त्याच्या नोंदी वाचण्यासाठी त्या राज्याची परवानगी लागली नाही.

६/ आता वेब फॉर्म्सकडे वळू. मायक्रोसॉफ्टने ते मारलेले नाही. दुरुस्त्या आजही मिळतात. परंतु २०१६ पासून कंपनीने जे नवे डॉटनेट उभे केले, त्यात वेब फॉर्म्सला जागा दिली नाही. म्हणजे त्यावर बांधलेली वास्तू जेथे आहे तेथेच, विंडोजच्या सर्व्हरवर, उभी राहणार. हलवायची तर नव्याने बांधावी लागणार. वाटूरच्या शेतकऱ्याच्या नोंदीचा मुक्काम असा एका परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाशी बांधला गेला. निवडीच्या वेळी ते फ्रेमवर्क सर्वत्र शिकवले जात होते आणि जलद काम देत होते, हे खरे. पण सोय हा निवडीचा एक निकष झाला. तो एकमेव निकष कसा?

७/ त्याचा आणखी एक गुण अभ्यासकांनी ओळखून ठेवावा. वेब फॉर्म्समध्ये बटण दाबले की पान स्वतःकडेच परत जाते आणि मधली स्थिती एका लपवलेल्या रकान्यात वाहून नेते. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. समोर नोंद येते, पण तिला स्वतःचा पत्ता मिळेलच असे नाही. ज्याला पत्ता नाही, त्याचा संदर्भ कोणत्या तळटीपेत द्यावा? खासरा पत्रकाला निदान पान क्रमांक तरी आहे.

८/ “मग जुने टाका, सर्वांत नवे घ्या,” असे सांगणारा वर्ग लगेच पुढे येतो. या वर्गाला इतिहासाचे वावडे आहे. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० साली आले आणि जगभर डोक्यावर घेतले गेले. २०१६ साली त्याच कंपनीने अँग्युलरची नवी आवृत्ती आणली. ती इतकी निराळी होती की जुने काम नव्याने लिहिण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर उरले नाही. २०२१ च्या अखेरीस जुन्याचा आधार संपला. अकरा वर्षे! एवढ्या काळात वारसाहक्काचा एखादा दावा निकाली निघत नाही.

९/ शिवाय या नव्या पंथात पान सर्व्हरवर तयार होत नाही. वाचकाच्या फोनमध्ये आधी जावास्क्रिप्टचा गठ्ठा उतरतो, तो चालतो, मग तो माहिती मागवतो, मग तक्ता दिसतो. पुण्यातील कार्यालयात हे जाणवत नाही. वाटूर फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या स्वस्त फोनवर आणि अर्ध्या सिग्नलवर जाणवते. चित्रफितींच्या संपादनासाठी हा खटाटोप समजू शकतो. आठ रकान्यांच्या तक्त्यासाठी तो निव्वळ मिरवणे आहे. अशी पाने वेबच्या संग्रहालयांनाही नीट जपता येत नाहीत, ही पुढच्या शतकातील संशोधकाची वेगळी रड.

१०/ दुसरे टोक म्हणजे “फ्रेमवर्कच नको, सारे हाताने लिहू.” हे तर नमुन्याविना दप्तर. प्रत्येक तलाठी आपली पद्धत काढणार आणि बदली झाली की ती त्याच्याबरोबर जाणार. पासवर्ड कसा जपावा, डेटाबेसात घुसखोरीची आज्ञा कशी रोखावी, हे प्रश्न हजारोंनी तपासलेल्या फ्रेमवर्कने सोडवलेले असतात. एकट्याने ते पुन्हा सोडवू पाहणे हा पराक्रम नव्हे, धोका आहे.

११/ जँगोचा जन्म या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील कॅन्ससमधल्या लॉरेन्स या लहान शहराच्या वृत्तपत्रात रोजच्या बातम्यांच्या घाईतून ते घडले आणि २००५ साली मुक्त-स्रोत म्हणून खुले झाले. प्रत्येक मजकुराला स्वच्छ, टिकाऊ पत्ता असावा हा त्याचा मूळ आग्रह. वृत्तपत्राला जुना अंक लागतोच. त्याच्या दीर्घ-आधार आवृत्त्यांना तीन वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि पुढच्या आवृत्तीत पायरीपायरीने जाता येते. ते मिरवण्याजोगे नाही. दप्तरखान्याला मिरवायचे असते कोठे?

१२/ “असे जुन्या वळणाचे काम करणारी मुले मिळत नाहीत,” हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नोकरीच्या जाहिराती रिॲक्ट मागतात, म्हणून जालन्याचा पदवीधरही रिॲक्ट शिकतो. त्यात त्याचा दोष नाही. पण मोडी वाचणारे २०२३ साली का शोधावे लागले, हे याच आक्षेपाला विचारावे. शिकवणे थांबवायचे आणि मग जाणकार नाहीत म्हणून ओरडायचे, ही जुनी खोड आहे.

१३/ केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेवढ्याने भागत नाही, कारण अँग्युलरजेएसही मुक्त-स्रोतच होते. फ्रेमवर्क मुक्त असो वा नसो, नोंद त्याच्याबाहेर, साध्या मजकुराच्या तक्त्यात, केव्हाही काढता आली पाहिजे. आणि ती अट काम सुरू होण्यापूर्वी कागदावर असली पाहिजे. १ मे २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे त्या दिशेचे चांगले पाऊल होते : ती फाइल संकेतस्थळापासून सुटून शेतकऱ्याच्या हाती येते. पण ती एका दिवसाची एक प्रत. मागचे फेरफार, कोणी, केव्हा, कोणत्या हुकमाने केले, हा सारा माग आत राहतो.

१४/ म्हणून इतिहासप्रेमींची मागणी नेमकी असावी. वाटूरसह प्रत्येक गावाच्या फेरफार नोंदवहीची, साध्या मजकुरातील, रकान्यांच्या अर्थासह एक संपूर्ण प्रत दरवर्षी पुराभिलेख संचालनालयाकडे जमा व्हावी आणि ती कोणत्याही फ्रेमवर्कविना उघडते की नाही, हे जमा करून घेतानाच तेथील लिपिकाने उघडून पाहावे.