बाजारांत तुरी

'बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण ज्या कोणा पूर्वजानें प्रचारांत आणिली, त्यानें संगणक पाहिला नव्हता. परंतु संगणकाच्या प्रोसेसराविषयीं आज जें चाललें आहे तें पाहून त्यालाहि आपली म्हण अपुरी वाटली असती. म्हणींतल्या तुरी निदान बाजारांत तरी होत्या. येथें ज्या वस्तूवरून वाद जुंपतो ती बाजारांत नाहीं, गोदामांत नाहीं, पुष्कळदां कारखान्यांतूनहि निघालेली नाहीं. तरी ती अमुक महिन्याच्या अमुक तारखेस येणार आणि तिच्यापुढें आजच्या सर्व वस्तु निकामी ठरणार, असें छातीठोकपणें सांगणारे शेंकडों आहेत व ऐकणारे लक्षावधि आहेत. या भविष्यकथनास निरुपद्रवी करमणूक म्हणण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याचा जन्म कसा होतो हें थोडक्यांत पाहिलें म्हणजे या तारखांची किंमत कळून येईल. आराखडा पुरा झाल्यावर तो सिलिकॉनच्या चकतीवर उतरविण्यास शेंकडों क्रिया एकीमागून एक कराव्या लागतात, व त्यांतच दोनतीन महिने निघून जातात. हातीं आलेला पहिला नमुना निर्दोष निघणें विरळा. दोष सांपडला कीं आराखड्यांत दुरुस्ती, पुन्हां चकती, पुन्हां तेच महिने. पुढील फेरी शेवटची कीं नाहीं हें जेथें बनविणारालाच सांगतां येत नाहीं, तेथें तिऱ्हाइतानें वर्षभर आधीं दिवस नेमून द्यावा, हें नवलच होय! मग ही तारीख येते कोठून? कोणा दुकानदाराच्या यादींत जागा रिकामी ठेवण्याची सोय नसते, म्हणून तो वर्षाचा शेवटचा दिवस घालून ठेवितो. कोठें चांचण्यांच्या सार्वजनिक नोंदींत एखादें अनोळखी नांव झळकतें. यांतली प्रत्येक गोष्ट खरी असते. तिच्यावरून काढलेला दिवस मात्र तर्काचा असतो. आणि तिसऱ्या तोंडीं जातां जातां 'असावा'चा 'आहे' होतो.

कोणी म्हणेल कीं, तर्क चुकोत, पण कंपन्यांनीं स्वतः दिलेले वायदे तरी खरे असतात. इतिहास तसें सांगत नाहीं. इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांनीं १९९४ सालीं नव्या घडणीच्या प्रोसेसरासाठीं हातमिळवणी जाहीर केली. 'मर्सेड' या नांवाचा त्यांचा पहिला प्रोसेसर १९९८ त यावयाचा होता. तो 'इटानियम' हें नांव घेऊन २००१ त आला. दरम्यान सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या मातबर कंपनीनें त्याच्या भरंवशावर आपल्या घरच्या प्रोसेसरांचें पुढील काम आंखडतें घेतलें होतें. ज्याच्यासाठीं हा त्याग झाला त्या इटानियमला अपेक्षित बाजार कधींच लाभला नाहीं, व २०२१ त त्याची शेवटची रवानगी होऊन तें प्रकरण संपलें. इंटेलच्या १० नॅनोमीटरच्या घडणीचीहि तीच गत. २०१५ च्या जुलैंत कंपनीनें सांगितलें कीं, ती २०१७ च्या उत्तरार्धांत येईल; २०१८ च्या एप्रिलांत सांगितलें कीं, मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ त होईल. ज्यांच्या हातीं कारखान्याच्या किल्ल्या त्यांची ही कथा. मग दाराबाहेर कान लावून बसलेल्यांची काय सांगावी!

अफवांच्या कैवाऱ्यांचा एक मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. कंपन्या आपल्या अडचणी लपवितात. त्या उघड करणारा कोणी नको काय? अवश्य हवा. परंतु खोळंब्याची सप्रमाण बातमी देणें ही पत्रकारिता, आणि प्रमाणावांचून तारीख देणें हें ज्योतिष. या दोहोंची गल्लत होतां कामा नये. २०१८ च्या ऑक्टोबरांत इंटेलनें १० नॅनोमीटरचें काम सोडून दिलें, अशी बातमी प्रसिद्ध झाली. कंपनीनें त्याच दिवशीं तिचा इन्कार केला, आणि काम सुटलें नव्हतें हें पुढल्या वर्षीं बाजारांत आलेल्या मालानें दाखविलें. पण अशी बातमी लोकांस खरी वाटावी इतका संशय कंपनीच्या मोडलेल्या वायद्यांनींच आधीं पेरून ठेविला होता. याच्या उलट, २०२४ च्या जुलैंत एएमडीनें आपली रायझन ९००० ही मालिका ३१ जुलैस विक्रीस काढण्याचें ठरविलें असतां, पहिल्या मालाचा दर्जा अपेक्षेस पुरेपूर उतरत नाहीं असें उघड सांगून ती ऑगस्टच्या ८ व १५ या तारखांवर ढकलली. उशीर होणें लाजिरवाणें नव्हे. तो लपविणें लाजिरवाणें.

या कुजबुजीनें नुकसान कोणाचें होतें? बालपणाचीं कांहीं वर्षें तिरुवण्णामलईस घालविलेल्या ॲडम ऑस्बोर्न यांनीं १९८१ त उचलून नेण्याजोगा संगणक विक्रीस आणून नांव मिळविलें. १९८३ त पुढच्या यंत्रांची वार्ता आधींच फुटली, गिऱ्हाइकांनीं हात आंखडला, आणि त्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें निघालें. दिवाळ्यास इतर कारणेंहि होतीं. तरी 'ऑस्बोर्न परिणाम' हा शब्द व्यापाराच्या भाषेंत कायमचा राहिला. पण कंपन्या बुडतात व नव्या निघतात. आमची चिंता घरांची आहे.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित गृहस्थांची कन्या अभियांत्रिकीच्या शिक्षणास गेली. तिच्या संगणकासाठीं पैसे बाजूस काढलेले होते. 'दोन महिन्यांत नवा प्रोसेसर येतो आहे' असें कोठेंसें वाचून त्यांनीं खरेदी लांबविली. दोहोंचे चार झाले, चारांचे आठ. आणि नवा आला तेव्हां त्याच्याहि पुढच्याची हूल उठली होती. मुलगी वर्षभर मैत्रिणीच्या यंत्रावर, तिचें काम आटोपल्यानंतर, रात्रीं आपला अभ्यास उरकीत राहिली. वडिलांस कोणीं लुबाडलें नव्हतें. त्यांचा सावधपणाच त्यांच्यावर उलटला होता.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो नवी तारीख सांगेल त्यानें आपल्या मागील तारखा आणि त्यांचें पुढें काय झालें, हेंहि सोबत छापावें. पंचांगांतला पाऊस पडला नाहीं तरी पुढल्या वर्षीं पंचांग खपतेंच. कारण चुकलेल्या भाकितांची वही कोणी ठेवीत नाहीं. ती वही वाचकांनीं ठेवावी, आणि खरेदीचा दिवस गरजेनें ठरवावा. जी वस्तु दुकानांत आहे, जिची परीक्षा निःपक्षपाती लोकांनीं केली आहे आणि जी आजचें काम भागविते, ती घ्यावी. उद्यांची अधिक चांगली असेल हें खरें. पण परवांची तिच्याहूनहि चांगली असेल, व या हिशेबानें घेण्याचा दिवस कधींच उजाडणार नाहीं.

म्हणींतल्या भटाच्या मूर्खपणास आपण सारे हंसतों. परंतु तेथें मार खाल्ला तो भटानें नव्हे, भटणीनें. न आलेल्या तुरींचा हिशेब करणारांनीं आपल्या घरांत मार कोणास बसतो आहे, हें एकदां डोळे उघडून पाहावें.