इशारा सर्वांना, सुटका मोजक्यांची

७ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतील मायामी शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रावर जॉन मोरालेस हे ज्येष्ठ हवामानतज्ज्ञ मिल्टन या चक्रीवादळाची माहिती देत होते. वादळाच्या केंद्रातील हवेचा दाब दहा तासांत पन्नास मिलिबारने उतरला आहे, हे वाक्य उच्चारताना त्यांचा कंठ दाटून आला. क्षणभर त्यांना बोलवेना. प्रेक्षकांची क्षमा मागून, हे भयानक आहे, एवढेच ते म्हणू शकले. मग स्वतःला सावरून त्यांनी मेक्सिकोच्या आखातातील पाणी किती विलक्षण तापले आहे ते सांगितले आणि या तापण्यामागे जागतिक तापमानवाढ आहे हेही स्पष्ट शब्दांत सांगितले. तीस वर्षांहून अधिक काळ शांतपणे वादळांची वार्ता देणारा हा माणूस प्रक्षेपण चालू असताना हेलावला आणि त्या काही सेकंदांची फीत बघता बघता जगभर फिरली.

या प्रसंगावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींना हा व्यावसायिक संयमाचा भंग वाटला. शास्त्रज्ञाने आकडे सांगावेत, अश्रू ढाळू नयेत, असे त्यांचे म्हणणे. इतरांना त्यात माणुसकीचे दर्शन घडले आणि त्यांनी मोरालेस यांची मुक्तकंठाने स्तुती केली. या दोन्ही प्रतिक्रिया निवेदकाच्या स्वभावापाशी येऊन थांबतात. ज्या वस्तुस्थितीने त्याचा संयम ढळला, तिच्याकडे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

प्रथम संयमाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वादळाची वार्ता देणाऱ्याचा स्वर स्थिर असणे हे केवळ सभ्यतेचे लक्षण नव्हे, ते लोकांच्या उपयोगाचे साधन आहे. २०१९ साली डोरियन हे प्रचंड चक्रीवादळ बहामा बेटांची धूळधाण करून फ्लोरिडाच्या रोखाने सरकत असताना, ते उत्तरेकडे वळेल असे याच मोरालेस यांनी छातीठोकपणे सांगितले होते. वादळ वळले. त्या एका आश्वासक स्वराने घबराट आणि धावपळ टळली. निवेदकच उठताबसता आक्रोश करू लागला, तर खऱ्या संकटाच्या वेळी त्याचे कोणी ऐकणार नाही. म्हणूनच असा संयमी माणूस हेलावतो तेव्हा त्याची दखल घ्यावी लागते. त्याची भावना हीही त्या क्षणी एक माहितीच असते.

ती कशाची माहिती होती? समुद्राचे पाणी तापले की बाष्पीभवन वाढते. ती वाफ वर जाऊन थंड होताना तिच्यातील उष्णता मोकळी होते आणि तीच चक्रीवादळाला बळ पुरवते. केंद्रातील दाब जितका उतरेल तितके वारे अधिक वेगाने आत खेचले जातात. दहा तासांत पन्नास मिलिबार याचा अर्थ, सकाळी साधारण वाटणारे वादळ संध्याकाळपर्यंत राक्षसी रूप घेते आणि लोकांना घर सोडायला लागणारा वेळच हिरावला जातो. शिवाय याच फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबरला, हेलेन हे चक्रीवादळ आदळले होते. अमेरिकेच्या आग्नेय भागात त्याने दोनशेहून अधिक बळी घेतले होते. हे सारे ज्याला ठाऊक आहे, त्याला पन्नास मिलिबार हा नुसता आकडा कसा वाटावा?

मोरालेस एकटे नाहीत. २४ मार्च २०२३ च्या रात्री मिसिसिपी राज्यात टॉर्नेडोचा भोवरा अमोरी गावावर चालून जात असल्याचे रडारच्या पडद्यावर पाहताना तेथील एका तरुण हवामान निवेदकाने मान खाली घातली आणि प्रक्षेपण चालू असतानाच ईश्वराची करुणा भाकली. त्या रात्री त्या राज्यात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आयोवा राज्यातील ख्रिस ग्लोनिंगर हे हवामानतज्ज्ञ बातम्यांतून हवामानबदलाचा संबंध समजावून सांगत, म्हणून त्यांना धमकीची पत्रे येऊ लागली. मनावर झालेल्या आघाताचे कारण देऊन २०२३ साली त्यांनी ती नोकरी सोडली. एकीकडे सत्य कळल्याने होणारी घालमेल आणि दुसरीकडे ते सत्य बोलल्याबद्दल मिळणारी शिक्षा, या दोहोंमध्ये आजचा हवामान निवेदक उभा आहे.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. भांडवली प्रसारमाध्यमे कोणत्याही भावनेचा माल करू शकतात. अश्रूंना प्रेक्षक मिळतात हे एकदा ध्यानात आले की उद्या प्रत्येक वाहिनीवर पावसाची सर आली तरी किंचाळणारे निवेदक दिसू लागतील. आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांवर गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडण्याची प्रथा रूढ झालेलीच आहे. त्या अभिनयाशी मोरालेस यांच्या हेलावण्याचा काही संबंध नाही. अभिनय संकटाचे कारण झाकतो. मोरालेस यांनी, गळा भरून आलेला असतानाही, कारणाचे नाव घेतले.

परंतु कारणाचे नाव घेऊनही एक प्रश्न उरतोच. इशारा दिला गेला, अगदी हृदयापासून दिला गेला, तरी तो पाळणे कोणाला शक्य आहे? ‘ताबडतोब सुरक्षित स्थळी जा’ या वाक्यात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ऐकणाऱ्याजवळ वाहन आहे, इंधनाचे आणि परक्या गावी राहण्याचे पैसे आहेत, आणि मुख्य म्हणजे काम सोडून निघण्याचे स्वातंत्र्य आहे. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, त्याच्या दृष्टीने तो इशारा म्हणजे स्वतःच्या मरणाची आगाऊ सूचना ठरते.

उदाहरणे हवीत तर दूर जाण्याची गरज नाही. हेलेनच्याच पावसाने टेनेसी राज्यातील नोलिचकी नदीला २७ सप्टेंबर २०२४ रोजी पूर आला आणि अर्विन गावातील एका प्लॅस्टिक कारखान्याचे सहा जण त्यात बुडाले. वेळेवर निघू दिले नाही, असे वाचलेल्या काही कामगारांनी सांगितले. व्यवस्थापनाने ते नाकारले. वाद न्यायालयात गेला. पुढे महिन्याभरात, २९ ऑक्टोबरला, स्पेनमधील वॅलेन्सिया प्रांतात महापूर आला. राष्ट्रीय हवामान संस्थेने तांबडा इशारा सकाळीच दिला होता. प्रादेशिक सरकारने नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर धोक्याचा संदेश पाठवला तो रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर असंख्य माणसे नेहमीप्रमाणे कामावर जाऊन परतीच्या वाटेवर अडकली होती. त्या प्रांतात सव्वादोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तेथील विद्यापीठाने मात्र आदल्या दिवशीच वर्ग बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. इशारा तोच होता. तो ऐकून काम थांबवण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनी ती कशी वापरली, एवढाच फरक.

आणि आपल्या किनाऱ्याचे काय? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रात येत असल्याची सूचना भारतीय हवामान विभागाने काही दिवस आधीपासून दिली होती. तरीही मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कंत्राटी कामगारांना घेऊन पी-३०५ हा तराफा समुद्रातच राहिला. त्यावर २६१ माणसे होती. १७ मे रोजी तो बुडाला. नौदलाने जिवाची बाजी लावून बहुतेकांना वाचवले, तरी सत्तरांहून अधिक कामगार गेले. वेधशाळेचा अंदाज चुकला असे कोणीही म्हणू शकत नाही. परत फिरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या कामगारांना नव्हता, हे या दुर्घटनेचे मर्म आहे.

ज्या फ्लोरिडात मोरालेस यांचा स्वर कापला, तेथील राज्यकर्त्यांनी त्याच वर्षी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. मायामी परिसरात उन्हात राबणाऱ्या मजुरांना पाणी, सावली आणि विश्रांती देणे मालकांवर बंधनकारक करण्याची चळवळ चालू होती. राज्य सरकारने कायदा करून असे नियम करण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारच काढून घेतला. दुसऱ्या कायद्याने राज्याच्या ऊर्जाविषयक तरतुदींतून हवामानबदलाचे बहुतेक उल्लेख वगळले. हे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. समुद्र तापतच राहिला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द खोडल्याने पाण्याचे तापमान उतरत नाही आणि सावली नाकारल्याने मजुराचे शरीर पोलादाचे होत नाही.

शरीर पोलादाचे नसते, याचा प्रत्यय एप्रिल २०२४ मध्ये कोलकात्याच्या दूरदर्शन केंद्रावर आला. उष्णतेच्या लाटेची बातमी वाचता वाचताच एक वृत्तनिवेदिका मूर्च्छित पडली. स्टुडिओतील वातानुकूलन बिघडले होते. देशाने ती घटना कुतूहलाने पाहिली. परंतु कॅमेऱ्यासमोर कोसळणाऱ्यांना मदत मिळते, पाणी मिळते, सहानुभूती मिळते. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, बांधकामाच्या पराचीवर कोसळणाऱ्यांची फीत कोणी काढत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुद्द राज्य सरकारने भर उन्हात भरवलेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर चौदा जणांचा मृत्यू झाला. मंचावर मंडप होता, समोरचा जनसमुदाय उघड्यावर होता. या विषयातील वर्गभेद समजावून सांगायला याहून अधिक टिप्पणीची आवश्यकता नाही.

यावर उपाय नाही, असे मात्र नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याची यंत्रणा उभारली. २०१३ साली फायलिन हे तितकेच धास्तावणारे वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. देशातील एका गरीब राज्याने हे करून दाखवले, कारण स्थलांतर ही ज्याची त्याची खासगी जबाबदारी न मानता सार्वजनिक काम मानले गेले. वॅलेन्सियाच्या आपत्तीनंतर स्पेनच्या सरकारने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय घेऊन, हवामानाच्या धोक्यामुळे कामावर पोहोचणे अशक्य झाल्यास कामगाराला चार दिवसांपर्यंत पगारी रजा मिळण्याची तरतूद केली. एवढ्या मृत्यूंनंतर का होईना, इशाऱ्याला श्रमिकाच्या हक्काची जोड मिळाली.

दुसरा प्रश्न इशारा देणाऱ्या संस्थांचा आहे. मोरालेस यांनी २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा एकदा प्रेक्षकांना काही गंभीर सांगितले. डोरियनच्या वेळची आपली जुनी फीत दाखवून ते म्हणाले की, त्या वेळचा आत्मविश्वास या मोसमात आपल्याला बाळगता येईलच असे नाही. कारण ट्रम्प सरकारने त्या वर्षी राष्ट्रीय हवामान सेवेत केलेली कपात. पाचशेहून अधिक कर्मचारी सेवेबाहेर गेले होते आणि काही केंद्रांवरून वातावरणाचा वेध घेणारे फुगे सोडणे कमी वा बंद झाले होते. पुढे ओरड झाल्यावर काहीशे जागा पुन्हा भरण्यास मान्यता द्यावी लागली, हे त्या कपातीच्या शहाणपणाचे पुरेसे प्रमाणपत्र आहे. खासगी वाहिनीवरील निवेदकाचे ज्ञानही अखेर सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या वेधशाळा, उपग्रह आणि विमाने यांवर उभे असते. ती संपत्ती मोडीत निघाली की श्रीमंत माणूस अंदाज विकत घेईल. मच्छीमाराने आणि कोरडवाहू शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे? १८७५ साली स्थापन झालेला आपला हवामान विभाग आणि पुण्यातील त्याची परंपरा यांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याची चेष्टा करण्याची आपली जुनी सवय आता सोडून, त्याला अधिक रडार, अधिक माणसे आणि तालुक्यापर्यंतचा विस्तार मिळावा यासाठी आग्रह धरला पाहिजे.

आपल्या कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्वच्छ होते. हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि तांबडे इशारे आज भ्रमणध्वनीवर येतात आणि कामाच्या ठिकाणी त्यांचा काहीही परिणाम होत नाही. तांबडा इशारा जाहीर झाला की उघड्यावरचे काम थांबेल आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, ही मागणी प्रत्येक श्रमिक संघटनेच्या मागणीपत्रकात आली पाहिजे. रोजगार हमीच्या कामांवर, ऊसतोड मजुरांच्या करारांत, बंदरांत, मासेमारीच्या बोटींवर आणि तेलक्षेत्रातील कंत्राटांत ती लिखित स्वरूपात हवी. दरडीच्या छायेतील वाड्यावस्त्यांसाठी पावसाळ्यापूर्वीच पक्के निवारे आणि हलवण्याची व्यवस्था हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली, तेव्हा तेथील आदिवासींना निघून जाण्यासाठी दुसरे ठिकाण नव्हते. आज ती वस्ती पुन्हा वसवली गेली असली, तरी तशा असंख्य वाड्या सह्याद्रीच्या कुशीत आहेत. आपल्या तालुक्यात अशा वाड्या किती, तेथे इशारा कोण पोहोचवतो आणि माणसे जायची कोठे, याची पाहणी येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक शाखेला करता येईल. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.