पुंडलिकनगर ते वेरूळ : दोघांची एक दिवसाची फेरी

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून दुचाकीवर निघालेल्या जोडप्याला हे शहर आणि वेरूळ एका दिवसात पाहता येते. मंगळवार मात्र टाळावा. त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात.

जालना रोडने क्रांती चौक आणि पुढे जुन्या शहरात शिरले की भडकल गेट लागते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे हे शहर, राजधानी म्हणून वसवले, त्याची ही खूण. पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येई आणि त्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरे. बीबी का मकबरा औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगमच्या स्मरणार्थ उभा आहे. त्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी, उरलेले गिलाव्याचे काम. तो नाजूक गिलावा जवळ जाऊनच पाहावा.

छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे टाकून दौलताबाद येते. किल्ल्यातील अंधारी, म्हणजे काळोखी वाट, चढायला दम लागतो, म्हणून किल्ला दुपारच्या उन्हाआधी चढावा. घाट चढल्यावर खुलताबाद. तिथे मलिक अंबर आणि औरंगजेब दोघांच्याही कबरी आहेत.

वेरूळ शेवटी ठेवण्याला कारण आहे. 34 लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर ऊन आत शिरते. आठव्या शतकातील कैलास, म्हणजे 16 क्रमांकाचे लेणे, एकाच खडकातून वरून खाली कोरलेले आहे. त्याला निदान तासभर द्यावा. जवळच अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर मंदिर आहे.