आधी स्लिंग, मग टॉर्च, मग साइट

गस्तीच्या गाडीतल्या रायफलीवर काय काय बसवावे, हा प्रश्न आता शस्त्रागारातही विचारला जातो आणि खरेदी शाखेतही. कॅटलॉग उघडला की रेल, पकडी, लेझर, बायपॉड, भिंगे असे पानामागून पान उलटत जाते. या मासिकाचे मत स्पष्ट आहे. गस्तीवरच्या अंमलदाराला स्लिंग, टॉर्च आणि साइट एवढेच लागते, आणि याच क्रमाने लागते. या तिन्हींबरोबर सरावाच्या राउंडसाठी पैसा बाजूला काढलेला नसेल, तर ही तीनही घेण्याची घाई करू नये.

साध्या गस्तीवरच्या पोलिसाला रायफल का लागते, याचे उत्तर अमेरिकेला २८ फेब्रुवारी १९९७ रोजी मिळाले. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात अंगभर चिलखत घातलेले दोन दरोडेखोर स्वयंचलित रायफली घेऊन बँकेतून बाहेर पडले. समोरच्या पोलिसांकडे पिस्तुले आणि शॉटगन होत्या, आणि त्यांच्या गोळ्या त्या चिलखतापुढे चालेनात. काही अधिकाऱ्यांनी जवळच्या बंदुकांच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. आपल्याला तो धडा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मिळाला. तिथे एके रायफलींसमोर लाठ्या आणि थ्री नॉट थ्री होत्या. दर गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणाऱ्या शस्त्राने आपल्या माणसांनी जे केले, ते त्यांच्या छातीच्या बळावर केले.

त्यानंतर शस्त्रे बदलली. शस्त्रावर काय चढवायचे याचा विचार मात्र अजून फौजेच्या किंवा कमांडो पथकाच्या नजरेने होतो. गस्तीवरच्या माणसाचे काम वेगळे आहे. रायफल अंगावर असतानाच त्याला दार उघडायचे असते, वायरलेसवर बोलायचे असते, जखमीला ओढून आडोशाला न्यायचे असते आणि शेवटी बहुतेक वेळा बेड्याच घालायच्या असतात. या प्रत्येक कामाला हात मोकळा लागतो. म्हणून स्लिंग पहिली.

रायफलीबरोबर मिळणारी स्लिंग खांद्याला अडकवण्यासाठी असते. संचलनाला ती ठीक आहे, पण तिच्यावरून रायफल खाली घेऊन नेम धरेपर्यंत फार वेळ जातो. घ्यावी ती दोन टोकांना बांधली जाणारी, मानेतून आणि काखेखालून जाणारी, एका झटक्यात सैल किंवा घट्ट होणारी स्लिंग. एका टोकाची स्लिंग दिसायला चपळ वाटते, पण आरोपीला बेड्या घालायला वाकलात की रायफल गुडघ्यांमध्ये झुलते आणि नळीचे तोंड कुणाकडेही वळते. गर्दीत कुणी रायफलीला हात घातला तर स्लिंग ती सुटू देत नाही. उलट स्लिंग धरून माणसालाच ओढले जाऊ शकते, म्हणून चटकन सुटणारे बक्कल हवेच. या सगळ्याला बाकी दोन वस्तूंच्या मानाने किरकोळ खर्च येतो.

टॉर्च हवी ती ओळख पटवण्यासाठी. अंधाऱ्या बोळात समोरच्याच्या हातात मोबाइल आहे की पिस्तूल, हे न पाहता चालवलेली गोळी परत घेता येत नाही. रायफलीला दोन्ही हात लागतात, तेव्हा टॉर्च तिच्यावरच असायला हवी. पण एक गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने घोटून घ्यावी: रायफलीवरच्या टॉर्चने शोधाशोध करायची नाही. प्रकाश जिथे जातो तिथे नळी जाते. घर तपासताना, वाटसरूला थांबवताना, गाडीत डोकावताना कमरेची वेगळी टॉर्चच वापरायची. ती देता येत नसेल तर रायफलीवरची बसवूच नये. बटण दाबले तेवढेच पेटणारे असावे. वायरीने जोडलेले दाबपट्टीचे स्विच कोपऱ्याकोपऱ्यात अडकून तुटतात, टॉर्चच्या मागच्या टोकाचे बटण जास्त टिकते. आणि बॅटरी अशी निवडा, जी तालुक्याच्या गावीही मिळेल किंवा ठाण्यातच चार्ज होईल.

आता साइट. याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त पैसा इथे जातो आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

लोखंडी साइटने नेम धरताना डोळ्याला मागची फट, पुढचा खुंट आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर पाहावे लागते. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, म्हणून पुढचा खुंट स्पष्ट ठेवा असे आपण शिकवतो. पण चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्याची ताकद कमी होते आणि नेमका तो खुंटच धूसर होतो. रात्रीच्या गस्तीवर चाळिशी ओलांडलेले हवालदार कितीतरी असतात. दर वर्षी चांदमारीत त्यांचे गुण घसरतात, आणि त्याचा दोष त्यांच्या हाताला दिला जातो. रेड डॉट साइटमध्ये लाल ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहायचे, ठिपका आपोआप तिथे येतो. पोलीस दलात रेड डॉट आणण्याचे आमच्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे.

काहींना तो ठिपका गोल न दिसता फुटलेला, शेपटी फुटल्यासारखा दिसतो. अशा वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका पाहावा. कॅमेऱ्यात तो गोल दिसला तर साइट ठीक आहे, डोळ्यात दृष्टिवैषम्य आहे. त्या अंमलदाराला चष्मा द्या, किंवा काचेवर खूण कोरलेली प्रिझम साइट द्या. आपल्या पावसात बंद पेटीसारखी साइट घ्यावी. उघड्या प्रकारात थेंब पडला की ठिपका विस्कटतो. चांगल्या साइटची बॅटरी ठिपका सतत चालू ठेवूनही वर्षानुवर्षे चालते, तेव्हा ती बंद करण्याची सवयच नको. लोखंडी साइट काढू नये, तिचेही झिरोइंग झालेले असावे.

बसवण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त कठीण आहे. नव्या रायफलींवर पिकाटिनी रेल असते. जुन्या एकेवर आणि एसएलआरवर ती वरच्या झाकणावर बसवून देणारे विक्रेते भेटतात. ते झाकण मुळातच हलते, साफसफाईला काढावे लागते, आणि प्रत्येक वेळी झिरो सरकतो. एकेवर साइट बसवायचीच असेल तर बाजूच्या पट्टीवर किंवा पुढे गॅस ट्यूबच्या जागी पक्क्या माउंटवर बसवा. तसे जमत नसेल तर लोखंडी साइटच बरी.

एआर पद्धतीच्या रायफलीवर साइट नळीच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर बसते. पाच-सात मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळपास तेवढीच खाली लागते. नाकाबंदीत गाडीच्या बॉनेटआडून नेम धरणाऱ्याला साइटमधून समोरचा माणूस स्वच्छ दिसतो, पण नळी अजून पत्र्याच्या खाली असते आणि गोळी स्वतःच्याच बॉनेटमध्ये जाते. हे सांगून समजत नाही. चांदमारीच्या मैदानावर पत्र्याचा आडोसा ठेवून करून दाखवावे लागते.

लेझर, बायपॉड, उभी पकड, भिंग यांना गस्तीवर जागा नाही. इन्सास रिकामीच चार किलोंच्या आसपास भरते. आठ तासांच्या बंदोबस्तात वाढलेले प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्याला कळतात, आणि जड रायफल शेवटी गाडीतच राहते.

झिरो हा रायफल, साइट आणि राउंड या तिघांचा मिळून असतो. त्यामुळे कोतामधून आज एक बट नंबर, उद्या दुसरा, अशी वाटणी असेल तर महागडी साइटही वाया जाते. बट नंबर माणसाच्या नावे लावा. झिरोइंगची तारीख, राउंडचा प्रकार आणि बॅटरी बदलल्याची तारीख नोंदवहीत लिहा. माउंटच्या स्क्रूवर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे तो सैल झाला की कोत अंमलदाराला पाहताक्षणी कळेल. निविदेतही फक्त सर्वांत कमी दर पाहू नका. नमुना मागवा, तो रायफलीवर चढवून काही शे राउंड झाडा, पाण्यात बुडवा, झिरो तपासा आणि मगच दर उघडा.

राम प्रधान समितीने २६/११ नंतरच्या अहवालात नोंदवले होते की दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे मुंबईच्या शीघ्र कृती दलाचा गोळीबार सराव थांबला होता. तेव्हा रायफलींपुढची अडचण साइट नसणे ही नव्हती. म्हणून वरिष्ठांना आमची विनंती आहे की येत्या वार्षिक सरावात निम्मे राउंड सूर्यास्तानंतर झाडले जावेत, तेही गाडीच्या आडून, स्लिंग अंगावर असताना, पावसाळी कोट घालून. त्या रात्री जे अडकेल, सैल होईल किंवा दिसणार नाही, ते आर्मोररने जागेवरच टिपून घ्यावे. पुढच्या वर्षीची मागणीपत्रे त्या टिपणावरून तयार व्हावीत.