विश्लेषण : कर्णबधिरांसाठी ॲप आहे, पण ग्रामसभेत ते सुरू कोण करणार?

बारामती परिसरातील उसाच्या शेतात आता मातीचा ओलावा सेन्सर मोजतात. त्याला उपग्रहाची छायाचित्रे आणि हवामानाच्या माहितीची जोड मिळते आणि उसाला पाणी कधी द्यायचे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला होता. उसाची तहान मोबाइलला कळू लागली आहे. मग बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीसारख्या गावात, ग्रामसभेला आलेल्या कर्णबधिर ग्रामस्थाला तिथे काय ठरते आहे, हे का कळू नये? त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान बहुतेकांच्या खिशात आहे. घोडे अडले आहे ते दुसरीकडेच.

बोललेले अक्षरांत कसे उमटते?

गुगलने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हे अँड्रॉइड ॲप आणले. ते घडवण्यात स्वतः कर्णबधिर असलेले संशोधक दिमित्री कानेव्हस्की यांचा मोठा वाटा होता आणि कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतील गॅलॉडेट विद्यापीठाची साथ होती. ॲप मोफत आहे. त्यात मराठी निवडायची आणि बोलणाऱ्यासमोर फोन धरायचा. माइकने टिपलेला आवाज इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो, तिथे त्याचे शब्द होतात आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी उमटू लागतात. उत्तर द्यायचे असेल तर त्याच पडद्यावर टाइप करून समोरच्याला दाखवता येते.

दवाखान्यात, बँकेत, रेशन दुकानात एकास एक बोलताना याचा चांगला उपयोग होतो. ‘गोळी जेवणाआधी की नंतर’ हे विचारायला घरातले माणूस सोबत न्यावे लागत नाही. प्रौढ माणसाला स्वतःचे दुखणे स्वतःच डॉक्टरांना सांगता येणे, ही छोटी गोष्ट नव्हे.

मग अडचण कुठे येते?

ग्रामसभेत. एकाच वेळी चौघे बोलतात. माइक सरपंचांकडे असतो आणि प्रश्न मागच्या रांगेतून येतो. पंखा घरघरतो, बाहेर ट्रॅक्टर जातो. अशा वेळी मागे बसलेल्या कर्णबधिर माणसाच्या हातातल्या फोनपर्यंत नुसता कल्लोळ पोहोचतो आणि पडद्यावर भलतेच शब्द येतात. मोबाइलची रेंज गेली की ओळी अडखळतात. माणसांची नावे, गट नंबर, गावाकडचे उच्चार यांतही चुका होतात.

पण यातल्या बहुतेक अडचणी ऐकू येणाऱ्यांना सोडवता येतात. फोन किंवा टॅब बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, एका वेळी एकानेच बोलायचे आणि आकडा सांगितला की तो फळ्यावरही लिहायचा. थोडक्यात, ॲप चालावे यासाठी सभेला आपली सवय बदलावी लागते. खरी मेख इथेच आहे.

हातमोज्यांचा प्रयोग का फसला?

२०१६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना खुणांचे बोलीत रूपांतर करणाऱ्या हातमोज्यांसाठी १० हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले. जगभर कौतुक झाले. कर्णबधिरांनी मात्र टीका केली. सांकेतिक भाषेत भुवया, ओठ, मान आणि खांदेही बोलतात. तेच हावभाव प्रश्न, नकार आणि जोर दाखवतात. हातमोज्यांना फक्त हात कळतात.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा होता. यंत्र अंगावर चढवायचे कर्णबधिर माणसाने, ऐकू येणाऱ्याने मात्र काहीच करायचे नाही! आपल्याकडे अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत असे हातमोजे आजही दिसतात. हेतू चांगला असतो, पण प्रकल्प सुरू करण्यापूर्वी एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला ‘तुम्हाला नेमके काय हवे आहे?’ असे विचारले, तर बरेच कष्ट वाचतील.

वाचता आले की प्रश्न सुटला का?

नाही. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी दुसरी. सांकेतिक भाषेचे व्याकरण वेगळे आहे. ‘तू कुठे जातोस?’ हा प्रश्न तिथे साधारण ‘तू जाणे कुठे’ अशा क्रमाने येतो. त्यामुळे पडद्यावरची लांबलचक सरकारी मराठी वाचूनही अर्थ लागेलच असे नाही. आणि ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्यांना पडद्यावरच्या अक्षरांचा काय उपयोग?

म्हणून दुभाषाला पर्याय नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये १० हजार शब्दांवर पोहोचला. त्यात कायदा, वैद्यकीय आणि शेतीचेही शब्द आहेत. गावात दुभाषा रोज मिळणार नाही, पण व्हिडिओ कॉलवर मिळू शकतो. कर्णबधिरांच्या रोजच्या जगण्यात सर्वाधिक उपयोगी पडलेले तंत्रज्ञान कदाचित हा साधा व्हिडिओ कॉलच असेल. कारण तिथे त्यांना आपल्याच भाषेत बोलता येते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक घटलेली व्यक्ती बधिर ठरते. ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यान असेल तर ती ऐकण्यास अवघड गटात येते. याच कायद्याने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेबरोबर मजकूर दाखवण्याचाही समावेश केला आहे. म्हणजे पडद्यावरच्या ओळींना कायद्याच्या लेखी संवादाचेच स्थान आहे. त्या दाखवून कुणी कर्णबधिरांवर उपकार करत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७० हजार होती. शिवाय वयानुसार ऐकू कमी येणारे आजी-आजोबा प्रत्येक वाडीवस्तीवर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दर पाच जणांमागे एकाला कमी-अधिक श्रवणदोष आहे. ‘आमच्या गावात असे एक-दोघेच आहेत’ हे कारण त्यामुळे टिकत नाही.

ग्रामपंचायत काय करू शकते?

राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असाही नियम आहे. अनेक ठिकाणी ही रक्कम वाटून टाकली जाते. ज्यांना तिची गरज आहे, त्यांना ती मिळायलाच हवी. पण त्यातून एक टॅब, एक चांगला माइक आणि शाळेत असतो तसा प्रोजेक्टर घेणेही अवघड नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत चर्चा उमटली, तर कर्णबधिर तरुण ती वाचेल आणि पुढच्या रांगेतले आजोबाही. महत्त्वाच्या ठरावाच्या वेळी दुभाषाला व्हिडिओ कॉलवर घेता येईल. सभा संपल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने चुका दुरुस्त करून तोच मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा.

आज मात्र फोन कर्णबधिर माणसाचा, नेटपॅक त्याचा आणि ‘जरा हळू बोला’ अशी विनंतीही त्यानेच करायची. हे ओझे उचलण्याची पाळी आता ऐकू येणाऱ्यांची आहे. पुढच्या ग्रामसभेची नोटीस निघेल, तेव्हा तिच्यात एक ओळ वाढवावी : ‘सभेतील चर्चा पडद्यावर मराठीत वाचता येईल.’ ही ओळ लिहायला ॲप लागत नाही.