‘एकूण’ आधी, बेरीज नंतर? स्ट्रक्टमधला क्रम सातबाऱ्यावरून समजून घ्या

लोहा तालुक्यातला कोणताही सातबारा उघडा. गाव नमुना सातमध्ये आधी लागवडयोग्य क्षेत्र, मग पोटखराब आणि त्याखाली एकूण क्षेत्र (अ+ब). समजा 1 हेक्टर 12 आर आणि 8 आर. एकूण 1 हेक्टर 20 आर. बेरीज शेवटी, हे शाळकरी पोरालाही कळतं.

संगणकाला ते सांगावं लागतं. एका नोंदीचे सगळे रकाने एकत्र बांधणाऱ्या रचनेला प्रोग्रामिंगमध्ये ‘स्ट्रक्ट’ म्हणतात. एका रकान्याची सुरुवातीची किंमत दुसऱ्यावर अवलंबून असली की गडबड सुरू होते. सी++ मध्ये रकाने ज्या क्रमाने जाहीर केले, त्याच क्रमाने भरले जातात; कन्स्ट्रक्टरच्या यादीत क्रम कसाही लिहा, फरक पडत नाही. ‘एकूण’ महत्त्वाचा म्हणून कोणी तो सगळ्यात वर जाहीर केला, तर बेरीज होते तेव्हा खालचे दोन्ही रकाने रिकामेच असतात. आकडा काहीही येऊ शकतो. कंपायलर फार तर इशारा देतो, आणि इशारे वाचतो कोण!

रस्ट ही भाषा इथे कडक आहे. स्ट्रक्ट भरताना शेजारच्या रकान्याची किंमत वापरताच येत नाही. आधी दोन्ही आकडे वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, बेरीज करा, मगच तिन्ही ठेवा. नवख्याला हा जाच वाटतो. नांदेड-लातूरच्या कॉलेजांत सी++ शिकणाऱ्या मुलांनी हीच सवय लावून घ्यावी.

खरं तर ‘एकूण’ साठवूच नये, लागेल तेव्हा फंक्शनने काढावा. उद्या पोटखराबातली 3 आर जमीन लागवडीखाली आली, तर 1 हेक्टर 15 आर आणि 5 आर असे दोन रकाने बदलतील. कोणी एकच बदलला, की बेरीज जुळत नाही. कागदावर अशी चूक राहिली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करून तहसीलला हेलपाटे मारायचे ते शेतकऱ्यानेच.

यावर कोणी म्हणेल, मोजणीतून आलेलं क्षेत्र पुरावा म्हणून हवंच. हवं ना. मग त्याला ‘मोजणी क्षेत्र’ असं वेगळं नाव द्या, ते बेरजेतून भरू नका, आणि दोन्ही जुळत नसतील तर नोंद सेव्हच होऊ देऊ नका.