यंदा रणजी करंडक आपला? जरा हिशेब मांडू

१५ ऑक्टोबरपासून रणजीचा नवा मोसम सुरू होतोय, पण छत्रीबागेतल्या ओट्यांवर करंडक आधीच येऊन पोहोचला आहे! कारण एकच, रजत पाटीदार. त्याच्या नेतृत्वाखाली यंदा बंगळुरूने आयपीएल जिंकली, सप्टेंबरमध्ये मध्य विभागाने दुलीप करंडकही जिंकला. इंदूरचा मुलगा, अभिमान मलाही आहे. पण कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही एका चांगल्या महिन्यावर भाळत नसू, तीन वर्षांचे ताळेबंद मागवत असू.

ते ताळेबंद असे : २०२२-२३ ला उपांत्य फेरीत, आपल्याच होळकर स्टेडियमवर, बंगालकडून ३०६ धावांनी हार. २०२३-२४ ला पुन्हा उपांत्य फेरीत विदर्भाकडून ६२ धावांनी. आणि २०२४-२५ ला गटातच गारद. याला चढती कमान म्हणता येणार नाही.

जून २०२२ आठवा. मुंबईच्या ३७४ ला आपण ५३६ ने उत्तर दिले. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत १२२. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर तेव्हा भारतीय संघाबरोबर होते, तरी करंडक आला. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली, तीही मुश्ताक अली, चंदू सरवटे असे खांदे होते म्हणून. आज सगळे ओझे आपण एकाच खांद्यावर ठेवतोय, आणि त्याला भारत ‘अ’ संघाचे बोलावणे आले तर?

गटही सोपा नाही. कर्नाटक, सौराष्ट्र, गतउपविजेता केरळ, शिवाय महाराष्ट्र. (त्या सामन्याला पुण्याच्या साडूंचा फोन मी उचलणार नाही.) सात सामने, पुढे जाणार दोनच संघ. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ गुण, दुसऱ्याला १. म्हणजे पहिल्या डावात कोणीतरी दोन-दोन दिवस ठाण मांडून खेळायला हवे. तिथेच मला शंका आहे.

भरवसा आहे तो फिरकीवर. सारांश जैन दुलीप स्पर्धेत मालिकावीर ठरला, कुमार कार्तिकेयही जोडीला आहे. या दोघांकडे पाहून मी उपउपांत्य फेरीपर्यंतचे कर्ज मंजूर करीन, करंडकाचे नाही.

इंदूरला सामना असेल तेव्हा मी जाणार आहे. रणजीला खुर्च्या रिकाम्याच असतात. कोणी येणार असेल तर आदल्या संध्याकाळी सांगावे, रिक्षा मिळून करू. डबा मात्र ज्याचा त्याने आणावा.